वैभवीच्या खोलीपर्यंत

चैत्र लागला आणि मगदुमांच्या घरातला बोळ लांब व्हायला लागला. सोप्यातून मागच्या खोलीकडे जाणारा हा बोळ आधी इतका आखूड होता की समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं. आता त्यात लग्नाची पंगत बसली असती, आणि शेवटच्या पानापर्यंत जाता जाता वाढप्याच्या बादलीतला मठ्ठा संपला असता. फरशी तीच शहाबादी, भिंतीचा रंग तोच, खालचा तेलकट पट्टाही तोच. गवंडी आला नाही, वाळू पडली नाही, कुणी हातोडी मारल्याचा आवाज झाला नाही. नुसतं सगळं जास्त झालं.

विजयमालाला हे झाडताना कळलं. रोजच्याएवढी केरसुणी मारून ती थांबली, तर पुढं अजून बोळ शिल्लक. तिनं नवऱ्याला हाक मारून दाखवलं. श्रीकांत मगदूम यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. त्याला कुठल्याही बिघाडाचं नवल वाटत नसे. त्यानं बोळाकडे बघितलं, भिंतीवर दोन ठिकाणी बोटांनी टकटक केलं आणि उन्हाळ्यात लोखंड पसरतं तसं काहीतरी असेल असं सांगून तो डबा घेऊन कामावर गेला. बायकोनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. बोळ आपल्यामुळंच वाढतोय, हे तिला त्याच दुपारी समजलं.

ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. तरुणपणी खो-खोत राज्यापर्यंत गेलेली. खांबाजवळचा तिचा सूर बघायला माणसं सायकलवरून यायची, असं अजून गावातले जुने लोक सांगतात. गेल्या हिवाळ्यात तिचा डावा पाय चालताना फरशीला अडखळायला लागला. अंगठा वरच येईना. चप्पल पायातून निसटायची आणि तिला पत्ता नसायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस असं नाव सांगितलं. श्रीकांतनं बराच वेळ विचार करून विचारलं, की म्हणजे वायरीवरचं रबर गेलंय का. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच, मेंदूतून करंट निघतो पण वाटेत गळतो. ऊन लागलं, अंग तापलं की आणखी गळतो. औषध सुरू केलं, व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट पाठवतो म्हणाले. विजयमालाला व्यायाम शिकवायला कुणीतरी येणार, याचं तिला त्या दिवशी हसू आलं होतं.

तर त्या दुपारी ती मुलींबरोबर मैदानावर उन्हात पळून घरी आली. पाय ओढत होता. मागच्या खोलीत तिची मुलगी वैभवी नववीचा अभ्यास करत बसली होती, तिच्यासाठी ती ताकाचा तांब्या घेऊन निघाली. आणि तिच्या डोळ्यांदेखत खोलीचं दार मागं सरकलं. घाबरून नाही, अदबीनं सरकलं, एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा करून देतात तसं. ती जरा जोरात चालली. दार आणखी सरलं. ती पोचली तेव्हा ताक कोमट झालं होतं आणि वैभवीनं विचारलं, "आई, एवढा वेळ कुठं होतीस?"

पुढच्या दिवसांत घरानं हे अंगवळणी पाडून घेतलं. माणूस कशालाही सरावतो. श्रीकांत बोळातून सायकलनं जाऊ लागला. वैभवीला मारलेली हाक कांदा चिरून होईपर्यंत तिकडं पोचायची आणि ओ यायला भाजी शिजायची. बोळाला खिडक्या नव्हत्या, त्या आल्या. पहिल्या खिडकीतून शेजारच्यांचं स्वयंपाकघर दिसायचं, ते ठीक होतं. दुसरीतून मागांचा कारखाना दिसू लागला. नंतरच्या खिडक्यांतून ऊस दिसायला लागला, हिरवागार, वाऱ्यावर सळसळणारा, आणि बोळात शेतातल्या पाटाचा वास भरून राहिला.

वैभवी अधूनमधून यायची. दर खेपेला तिचा फ्रॉक आखूड झालेला असायचा. यायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात पोरगी वाढायची, त्याला ती तरी काय करणार? एकदा आली तेव्हा तिच्या अंगावर निराळ्याच शाळेचा गणवेश होता. तिनं सांगितलं की तिच्या खोलीची खिडकी आता नदीकडच्या गावात उघडते, तिथली शाळा जवळ पडते, बाई चांगल्या आहेत. विजयमालानं तिला इथंच राहा म्हटलं. वैभवी भाकरी मोडत म्हणाली, "माझी खोली तिकडं आहे ना गं." जाताना दारात वळून ती म्हणाली, "येते मी, अव्वा."

नदीपलीकडं कानडी मुलूख, तिकडं आईला अव्वा म्हणतात. आपण काय बोललो हे वैभवीच्या लक्षातही आलं नाही. ती सायकलच्या कॅरिअरवर बापाच्या मागं बसून गेली. विजयमाला सोप्यात पलंगाच्या कडेला बसली आणि पदर तोंडात धरून रडली. आजाराचं नाव ऐकून ती रडली नव्हती, पायातली चप्पल रस्त्यात राहिली तेव्हाही नाही. पण पोरगी हातची चालली आहे आणि आपल्याला दोन फरश्या धड ओलांडता येत नाहीत, हे तिला सोसलं नाही.

त्याच आठवड्यात मोजणीवाला आला. खाकी शर्ट, खांद्यावर साखळी, कानाला पेन्सिल. त्यानं बोळ मोजला, मोजून परत येईपर्यंत त्याची दाढी वाढली होती. चहा घेताना त्यानं शांतपणे सांगितलं की बोळ गावाच्या हद्दीबाहेर गेलेला आहे आणि नदीच्या रोखानं चालला आहे. नदीला लागला की तुटणार. मागची खोली मग पलीकडच्या गावात धरली जाईल, खोलीत जे कुणी असेल ते धरून. श्रीकांतनं विचारलं, काही इलाज? मोजणीवाल्यानं बशीतला चहा संपवला.

"ज्याच्यामुळं वाढलंय त्यानं स्वतःच्या पायानं चालत जाऊन शेवटच्या चौकटीला हात लावायचा. मग मोजणी रद्द होती. गाडीवरून न्हाई, उचलून न्हाई. आणि नदीच्या आधी."

विजयमालाला हा नियम ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चौकट म्हणजे खांब. खांबाला कसं पोचायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. एकदा दिशा घेतली की मागं वळायचं नाही, दम लागला तर दात खायचे, शेवटी सूर मारायचा. तिनं कपाटातून जुने बूट काढले, केस आवळून बांधले आणि भर दुपारी बोळात उतरली. खेळाडूचं अंग उन्हातच कसतं, हे तिच्या सरांचं वाक्य होतं आणि ती ते वर्षानुवर्षं मुलींना ऐकवत आली होती.

बोळ उधळला. तिच्या घामाचा वास लागल्यासारखा तो पुढं पळाला. ती जितकी जोर करी तितक्या फरश्या पुढं वाढत. मानेमागं आग, डोळ्यांपुढं धुकं, डावा पाय दगडासारखा. ती पडली, उठली, परत पडली. श्रीकांत मागून सायकल घेऊन गेला आणि तिला कॅरिअरवर घालून परत आणलं. अति तिथं माती, एवढंच तो वाटेत म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. त्या तीन दुपारींत उसाची खिडकी मागं पडली आणि बोळाच्या टोकाकडून ओल्या वाळूचा वास यायला लागला.

अशा वेळी नाझनीन मुजावर आली. डॉक्टरांनी पाठवलेली फिजिओथेरपिस्ट हीच. ठेंगणी, गोल चष्म्याची, डोक्यावर ओढणी, स्कूटीच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत ओले टॉवेल आणि बर्फाचा डबा. तिनं विजयमालाचा पाय तपासला. बोटं वर करायला लावली, डोळे मिटून उभं राहायला लावलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. मग बोळाच्या तोंडाशी जाऊन आत बघितलं आणि पायाबद्दल बोलावं तशाच सुरात म्हणाली की बोळही ताणलेला आहे, दोघांना एकच व्यायाम चालेल.

विजयमालानं तिला आपला सराव सांगितला. रोज किती पळते, कशी पडते, कशी उठते. शाबासकी मिळेल अशी तिची अपेक्षा होती. नाझनीननं चष्मा पुसला.

"ताई, उद्यापासून बोळात जायचं नाही."

"मग नदी येईल."

"तुम्ही पळताय म्हणूनच येतीय. दमेपर्यंत चालायचं आणि दमल्यावर थांबायचं, हे म्हणजे पेट्रोल संपल्यावर पंप शोधणं झालं. तुम्ही दमायच्या आधी थांबायला शिका. ते सगळ्यात अवघड आहे."

अवघड होतंच. राज्यपातळीवरच्या खेळाडूला नाझनीननं लाकडी खुर्चीवर बसवलं आणि उठायला शिकवलं. पाय मागं घ्या, पुढं वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं की ढुंगण आपोआप उचलतं. ओट्याला धरून एका पायावरून दुसऱ्यावर वजन न्यायचं. टाच जमिनीला ठेवून बोटं उचलायची, उचलत नसली तरी उचला असं बोटांना सांगायचं. जुनी ओढणी तळपायाला गुंडाळून पोटरी ताणायची. जमिनीवर बसून चार पायांवर व्हायचं, एक पाऊल पुढं टेकायचं, गुडघ्यावर हात देऊन उभं राहायचं, कारण पडणं होणारच आहे, तर मग उठणं पाठ असलेलं बरं. आणि हे सगळं सकाळच्या गारव्यात, मानेवर ओला टॉवेल टाकून, थोडं थोडं, मध्ये मध्ये बसून. विजयमालाला लाज वाटायची. बालवाडीतली पोरं याहून जास्त नाचतात असं ती म्हणायची. नाझनीन म्हणायची, नाचू देत की.

एकदा विजयमालानं सरळच विचारलं, की यानं हा आजार जाईल का. नाझनीननं टॉवेल पिळला. आजार जाणार नाही, ती म्हणाली. वायरीचं रबर व्यायामानं परत येत नाही. पण करंट दुसऱ्या वाटा शोधतो, त्याला त्या वाटा रोज दाखवाव्या लागतात. एवढं बोलून तिनं पुन्हा टाच टेकायला सांगितलं.

आणि बोळ थांबला. आखडला नाही, पण वाढायचा थांबला. झाडताना विजयमालाला ते आधी कळलं. आज जेवढा, उद्या तेवढाच. मग एका सकाळी तर देवघराच्या कोनाड्याजवळच्या फरश्या कमी वाटल्या. हाकेला ओ जरा लवकर यायला लागली. भाजी शिजायच्या आधी, मग फोडणी तडतडायच्या आत. श्रीकांतनं सायकलला तेल दिलं आणि कामावर जाताना शीळ घातली.

इथं तिनं शहाणपणानं गप्प बसायला हवं होतं. पण खेळाडूला जिंकायचा वास आला की तो बसत नाही. एवढ्याशानं बोळ थांबत असेल तर दुप्पट केल्यावर त्याची घडीच होईल, असा तिनं हिशेब मांडला. नाझनीन गेली की ती पुन्हा सगळा व्यायाम करी, मग परत, टॉवेल बाजूला टाकून, दार लावून. चौथ्या की पाचव्या दुपारी तिचा डावा पाय खुर्चीवरून खाली आलाच नाही, आणि बोळातून एक लांब, कापड फाटल्यासारखा आवाज आला. ती कशीबशी उठून बघायला गेली. शेवटच्या खिडकीत नदी दिसत होती. फरशीवरून पाण्याची बारीक धार सोप्याकडे येत होती, आणि तिच्यात एक चिमुकला मासा होता.

दुसऱ्या सकाळी नाझनीननं मासा बघितला आणि काय झालं ते ओळखलं. ती रागावली नाही, स्कूटीची किल्ली टेबलावर ठेवून समोर बसली. विजयमालाच तडकली. म्हणाली, मला ही बसाबस जमत नाही. आयुष्यात कधी बसले नाही मी. बसणारी माणसं मी मैदानाबाहेर काढली. तिकडं माझी पोर मला अव्वा म्हणतीय आणि मी इथं टाच टेकून बोटं वर करत बसू? मग ती हळू म्हणाली की मला भीती वाटते, फार भीती वाटते.

नाझनीननं ओला टॉवेल तिच्या मानेवर टाकला.

"खो-खोत एक जण पळतो तेव्हा बाकीचे आठ जण काय करतात हो?"

विजयमाला तिच्याकडे बघत राहिली.

"बसतात," ती म्हणाली.

"नऊतले आठ बसलेले असतात. मी शाळेत असताना बघायची, मला कधी घेतलं नाही त्यांनी संघात. मला वाटायचं, हा पळायचा खेळ कसला, हा तर बसायचा खेळ."

विजयमाला हसली. रडता रडता नाक पुसत हसली. ती मुलींना महिनोन्महिने तेच तर शिकवायची. कसं बसायचं, टाचा कुठं, हात कुठं, अंगातला दम कसा साठवायचा, म्हणजे उठायची पाळी आली की उठता यावं. सामना पळणाऱ्यांनी नाही, नीट बसलेल्यांनी जिंकला, हे तिनं स्वतः बक्षीस समारंभात सांगितलं होतं. आणि आपल्या पायाची वेळ आली तेव्हा बाई ते सगळं विसरल्या. आपणच दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट विसरायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

मग श्रीकांतनं मंडपवाल्याकडून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि सायकलच्या फेऱ्या मारून बोळभर मांडल्या. नाझनीननं अंतरं ठरवली. विजयमालाला जिथं वाटेल की अजून सहज जमेल, त्याच्या अलीकडे खुर्ची. एक खुर्ची या तोंडाला, पुढची त्या तोंडाला, असं विजयमालानं सांगितलं, आणि कुणी का असं विचारलं नाही. ती रोज गारव्यात एका खुर्चीपर्यंत जायची, बसायची, उठायची, परत यायची. परत येणं तिला सगळ्यात जड गेलं. मग दोन खुर्च्या. ती हातचं राखून चालायला शिकली, आणि ती बसली की बोळही जरा श्वास सोडायचा. पण नदी आत आलेली होती, ती काही मागं गेली नाही. वैभवी आता येत नव्हती. श्रीकांत डबा पोचवायला जाई तेव्हा चाकं निम्मी पाण्यात असत. त्यानं सांगितलं की चौकटीचे खिळे निघायला लागले आहेत, दाराच्या बाजूची भिंत हलते. पोरगी बरी आहे, तिनं आईबद्दल विचारलंय, एवढंच विचारलंय की ती कुठपर्यंत आली.

ज्या पहाटे जायचं ठरलं त्या पहाटे नाझनीननं विजयमालाच्या मानेवर टॉवेल टाकला, दुसरा मनगटाला गुंडाळला आणि बोळाच्या तोंडाशी थांबली. श्रीकांत सायकल भिंतीला टेकवून उभा राहिला. त्याला बरोबर जायचं होतं. नियमानं चालत नव्हतं. तो नुसता म्हणाला, "सावकाश जा गं," आणि बायकोच्या पदराचं टोक उगीच नीट केलं.

विजयमाला निघाली. टाच, मग बोटं. खुर्ची आली, ती बसली. शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात कुणीतरी चहाला आधण ठेवत होतं. ती उठली, चालली, बसली. मागांच्या कारखान्यात रात्रपाळी सुटत होती. दम लागायच्या आधी खुर्ची, खुर्चीनंतर पुन्हा पाय. उसावर दव होतं. एका खुर्चीवर बसलेली असताना तिला वाटलं की आपण हे आयुष्यभर करू शकू, आणि त्या विचारानं तिला वाईट वाटलं नाही. पाणी तळव्यांना लागलं, मग घोट्यांना. मे महिन्यात नदीला एवढं पाणी नसतं, पण बोळात होतं.

आणि मग पुढची खुर्ची नव्हती. ती पाण्यावर तरंगत, पाय वर करून, शेवटच्या खिडकीतून बाहेर निघाली होती. समोर दार दिसत होतं. उंबऱ्यावर वैभवी उभी होती, विजयमालाएवढीच उंच झालेली, दोन्ही हातांनी चौकट धरून. चौकट भिंतीतून सुटत होती, खिळे एकेक करून पाण्यात पडत होते. बाजूला मोजणीवाला गूळ उकळायच्या मोठ्या काहिलीत बसला होता. पूर आला की इकडं माणसं काहिलीतूनच पार करतात, त्यामुळं त्यात काही वावगं नव्हतं. त्यानं साखळी गुंडाळायला घेतली होती.

"बाई," तो म्हणाला, "उरका आता. दार सुटायला लागलंय."

अंतर सूर मारण्याएवढं होतं. विजयमालाचं अंग आपोआप पुढं झुकलं, हात पसरले, उजव्या पायानं जोर घेतला. एवढ्या अंतरावरून तिनं किती जणी टिपल्या होत्या, त्याला गणती नव्हती. तेवढ्यात मानेमागं ती ओळखीची ऊब आली. अजून आग नव्हे, नुसती ऊब. डाव्या पायातून करंट गळायला सुरुवात झाली होती, आणि समोरची चौकट तेवढीच, अदबीनं, मागं सरकली.

ती खाली बसली. भर पाण्यात, फरशीवर, पाय पुढं सोडून बसली. पाणी कमरेपर्यंत आलं. ते गार होतं, डोंगरातून आल्यासारखं गार, आणि मानेवरचा टॉवेल तिनं त्यात बुडवून पुन्हा मानेवर घेतला.

मोजणीवाला अवघडून गेला. "बसून कसं चालंल? चालत जायचंय म्हणून सांगितलं होतं."

"चालतच जाणार आहे," विजयमाला म्हणाली. "तुम्ही साखळी खाली ठेवा. खेळाडू बसलाय, बाद झालेला नाही."

त्यानं जरा विचार केला, आणि साखळी काहिलीच्या तळाशी ठेवली. बोळ थांबला. चौकट थांबली. खिडकीतून सूर्य वर येताना दिसत होता, पण त्याचं ऊन अजून पाण्यावर पडलं नव्हतं. वैभवी उंबऱ्यावरून बघत होती.

"आई, मी येऊ का तिकडं?"

"नको. चौकट सोडू नको. मी येते."

"दमलीस?"

"नाही," विजयमाला म्हणाली. "दमले नाही म्हणून बसले."

ती बसून राहिली. घाई करावी असं तिला आतून फार वाटत होतं, आणि ती तरीही बसून राहिली. पोटऱ्यांमधून पाणी वाहत होतं. मानेमागची ऊब हळूहळू उतरली. मग ती वळली, चार पायांवर झाली, उजवं पाऊल पुढं टेकलं, गुडघ्यावर दोन्ही हात दिले आणि उभी राहिली. अंगावरून पाणी ओघळलं. चौकट आता इतकी जवळ होती की तिच्यावर वैभवीनं लहानपणी पेन्सिलीनं गिरवलेलं दिसत होतं. मध्ये एकच पाऊल होतं, आणि पाळी डाव्या पायाची होती.

विजयमालानं पायाला सांगितलं. हळू, नाव घेऊन, एखाद्या भित्र्या मुलीला मैदानावर बोलवावं तसं सांगितलं. काही झालं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, दुसऱ्या वाटेनं. मोजणीवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. पाण्याखाली टाच सुटली. आधी अंगठा वर आला, मग बाकीची बोटं, सगळी वर वळलेली, आणि पाऊल पाण्याच्या बाहेर, उंबऱ्याच्या वर, निथळत राहिलं.